संनयन प्रवाह

संनयन प्रवाह : द्रवाचा किंवा वायूचा तापलेला भाग सभोवतालच्या भागापेक्षा हलका होऊन वर चढतो आणि त्याची जागा थंड व जड भाग घेतो. या हालचालीबरोबर उष्णताही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेली जाते. उष्णतावहनाच्या या प्रकारास संनयन व त्यात निर्माण होणाऱ्या प्रवाहांस संनयन प्रवाह असे म्हणतात. शालेय पुस्तकांत याच अर्थाने ‘अभिसरण’ ही संज्ञाही रूढ आहे. संवहनात उष्णता एका कणाकडून शेजारच्या कणाकडे दिली जाते, पण कण आपली जागा सोडत नाहीत. प्रारणास (तरंगरूपाने होणाऱ्या ऊर्जा प्रसारास) तर माध्यमाचीही गरज नसते. संनयनात मात्र पदार्थच उष्णता बरोबर घेऊन प्रवास करतो. खाडीवरून येणारी दुपारची झुळूक, पावसाळी मेघ, समुद्राच्या तळाकडे उतरणारे थंड पाणी आणि भूखंडांचे सरकणे या वरकरणी असंबद्ध घटनांच्या मुळाशी हीच एक क्रिया आहे.

तत्त्व : तापल्यामुळे पदार्थ प्रसरण पावतो व त्याची घनता घटते. २७° से. तापमानाची हवा १° ने तापली, तर दाब तोच असताना तिचे घनफळ सु. तीनशेव्या हिश्शाने वाढते. म्हणजे एक घ. मी. हवेचे वजन जेमतेम ४ ग्रॅ. ने घटते. एवढा अल्प फरकही प्रवाह सुरू करण्यास पुरेसा असतो. २०° से. पासून ८०° से. पर्यंत तापविलेल्या पाण्याची घनता सु. २·६ टक्क्यांनी कमी होते. ‘उष्ण हवा वर जाते’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु ती आपणहून वर जात नाही. गुरुत्वाकर्षणामुळे जड हवा खाली ओढली जाते व ती हलक्या हवेला वर लोटते. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जाणवत नाही अशा अवकाशयानात मेणबत्तीची ज्योत उभी न राहता गोलसर होते, कारण तेथे वर आणि खाली हा भेदच उरत नाही.

संनयनासाठी केवळ उष्णता पुरत नाही. ती खालून मिळावी लागते किंवा पदार्थ वरून थंड व्हावा लागतो. परीक्षानळीच्या तळाशी जाळीने दाबून ठेवलेला बर्फाचा तुकडा व वर पाणी अशी रचना करून नळीचे वरचे टोक तापविल्यास वरचे पाणी उकळू लागते, तरी तळाचा बर्फ बराच काळ वितळत नाही. हलके पाणी आधीच वर असल्याने त्याला हलण्याचे कारण नसते आणि पाण्यातून संवहनाने उष्णता फार मंदपणे उतरते. हवा, समुद्र व भूगर्भ यांतील संनयनातले बहुतेक फरक उष्णता कोणत्या बाजूने येते या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहेत.

दुसरी अट पदार्थाच्या श्यानतेची (दाटपणाची) आहे. चुलीवरच्या पातेल्यातील पाणी आपोआप ढवळले जाते. पिठले मात्र सतत हलवावे लागते, नाही तर वरचा थर कोमट असतानाच तळ करपतो. दाट पदार्थात प्रवाह सहजी सुरू होत नाहीत. शिजविलेली सफरचंदे व दाट खाद्यपदार्थ बराच वेळ गरम राहतात, या घरगुती निरीक्षणावरूनच काउंट रम्फर्ड यांचे लक्ष अठराव्या शतकाच्या अखेरीस द्रवांतील उष्णतावहनाकडे वळले होते. आंरी बेनार यांनी १९०० च्या सुमारास द्रवाचा पातळ थर खालून तापविला असता त्यात षट्कोनी घरे पडतात, असे दाखविले. लॉर्ड रॅली यांनी १९१६ मध्ये प्रवाह केव्हा सुरू होतात याचे गणित मांडले. उत्प्लावक प्रेरणा एका बाजूस आणि श्यानता व संवहन हे दोन अडथळे दुसऱ्या बाजूस यांची तुलना करणारा अंक त्यातून मिळतो, त्यास रॅली अंक म्हणतात. दोन घट्ट पृष्ठांमधील थरासाठी तो सु. १,७०८ च्या पुढे गेला की संनयन सुरू होते. (बेनार यांच्या पातळ थरातील घरे मुख्यतः पृष्ठताणामुळे पडत होती, हे पुढे १९५० नंतर स्पष्ट झाले, रॅली यांचे गणित त्यामुळे खोटे ठरत नाही, ते वेगळ्या परिस्थितीस लागू पडते एवढेच.) या अंकात थराच्या जाडीचा घन येतो. जाडी दुप्पट झाली की अंक आठपट होतो. अत्यंत दाट पदार्थही पुरेसा जाड असेल तर वाहू लागतो, ही गोष्ट भूगर्भाच्या संदर्भात निर्णायक ठरते.

वातावरणातील संनयन : सूर्यप्रकाशाचा मोठा भाग हवेतून आरपार येऊन जमिनीवर शोषला जातो आणि हवा मुख्यतः जमिनीकडून, म्हणजे खालून तापते. त्यामुळे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात दिवसा संनयन जवळजवळ अखंड चालू असते. बृहन्मुंबईच्या उत्तर सीमेवरील दहिसर हे उपनगर ते पाहण्यास सोयीचे आहे. त्याच्या पश्चिमेस मनोरी खाडीची कांदळवने व त्यांपलीकडे गोराईचा समुद्रकिनारा आहे, पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत. खाडी व डोंगरपायथा यांतील अंतर अवघे काही किमी. आहे. समुद्र, दाट वस्ती आणि वनाच्छादित उतार असे तीन निरनिराळ्या रीतींनी तापणारे पृष्ठभाग येथे एकमेकांना लागून आहेत.

तिन्हींवर ऊन सारखेच पडते. परंतु पाण्याची विशिष्ट उष्णता खडकाच्या सु. पाचपट असते, प्रकाश पाण्यात खोलवर शिरतो, लाटांमुळे वरचा थर घुसळला जातो आणि बरीच ऊर्जा बाष्पीभवनात खर्च होते. म्हणून समुद्राचे पृष्ठतापमान दिवसभरात क्वचितच एखाद्या अंशाने बदलते. याच वेळी डांबरी रस्ते व पत्र्याची छपरे ५०° से. हून अधिक तापू शकतात. जमिनीवरील हवेचा स्तंभ प्रसरण पावून उंच होतो, वरच्या बाजूस दाब वाढून तेथील हवा समुद्राकडे सरकते, त्यामुळे जमिनीलगतचा दाब घटतो आणि खालून समुद्रावरची थंड हवा आत शिरते. हेच खारे वारे होत. तापलेली हवा वर गेल्याने ‘पोकळी’ निर्माण होते व ती भरून काढण्यास वारा येतो, हे नेहमीचे स्पष्टीकरण सोपे असले तरी अपुरे आहे. वरच्या थरातील परतीचा प्रवाह लक्षात घेतल्याशिवाय हे चक्र पूर्ण होत नाही.

हिवाळ्यात व वसंत ऋतूत मुंबईच्या किनाऱ्यावर खारे वारे साधारणपणे दुपारच्या सुमारास पश्चिम व वायव्येकडून सुरू होतात आणि संध्याकाळनंतर मंदावतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते व चक्र उलटून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. त्यांचा जोर कमी असतो. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी समाज पहाटेच्या मतलईवर होड्या समुद्रात नेई व दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर किनाऱ्यास लावी. पावसाळ्यात नैर्ऋत्य मॉन्सूनच्या जोरापुढे हे दैनंदिन चक्र लोपते.

खाऱ्या वाऱ्यांच्या आगमनाच्या वेळेवर मुंबईतील दिवसाचे कमाल तापमान अवलंबून असते. मार्च महिन्यात समुद्राचे पाणी सु. २७°–२८° से. असते. त्यावरून आलेली हवा शहरात शिरली की पारा चढणे थांबते. पण काही दिवशी दख्खनच्या पठारावरून उतरणारे कोरडे पूर्ववारे जोरदार असतात व ते समुद्रावरच्या हवेस दुपारपर्यंत थोपवून धरतात. डोंगरउतारावरून खाली येताना दाबली गेल्याने ही हवा आणखी तापते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझ येथे ४१·७° से. तापमान नोंदले गेले. अशा नोंदी मे महिन्याऐवजी मार्च–एप्रिलमध्ये आढळतात याचे कारण हेच आहे, कारण मे महिन्यात पश्चिमेकडील वारे बहुधा स्थिरावलेले असतात. तासा-दोन तासांच्या विलंबाचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. पत्र्याखालच्या ठेंगण्या खोलीत तापलेली हवा छपराशी साचून राहते. ती बाहेर पडण्यास वर झरोका नसेल, तर उष्णता वरून येत असल्याने खोलीत संनयन जवळजवळ होतच नाही आणि दमट हवेत घामही सुकत नाही. कौलारू घरांच्या आढ्याजवळ ठेवलेला झरोका हा यावरचा जुना व शहाणपणाचा उपाय होता.

संनयन थांबण्याचा दुसरा प्रकार हिवाळ्यातील रात्री दिसतो. निरभ्र रात्री जमीन प्रारणाने उष्णता गमावते, तिच्यालगतची हवा थंड होते व तिच्यावर उबदार हवा राहते. यास तापमानाची विपरीतता असे म्हणतात. जड हवा खाली व हलकी वर अशी स्थिती झाल्याने उभ्या दिशेतील हालचाल खुंटते. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ व जळणाऱ्या कचऱ्याचा धूर या झाकणाखाली कोंडला जातो. डोंगरपायथ्याशी हा परिणाम अधिक काळ टिकतो, कारण उतारावरून घरंगळणारी थंड हवा तेथे साचते. सकाळी ऊन वाढून जमीन तापली की झाकण खालून विरत जाते व दुपारचा खारा वारा उरलेली घाण वाहून नेतो. मुंबईची हवा स्वच्छ राहते ती बरीचशी या रोजच्या धुलाईमुळे. ती सौम्य पडली की काय होते, हे २०२२-२३ च्या हिवाळ्यात दिसले. त्या हंगामात वारे मंद राहून शहरातील प्रदूषणाची पातळी दीर्घकाळ चढी होती.

मेघ व पर्जन्य : वर चढणारी हवा कमी दाबाखाली प्रसरण पावते व त्यामुळे थंड होते. कोरडी हवा दर किमी. ला सु. ९·८° से. ने थंड होते. सभोवतालची हवा याहून सावकाश थंड होत असेल, तर चढणारा हवेचा गोळा लवकरच तिच्यापेक्षा थंड, म्हणून जड होतो व थांबतो. हवा दमट असेल तर मात्र चित्र पालटते. बाष्पाचे संद्रवण सुरू होताच सुप्त उष्णता मुक्त होते, हवेचे थंड होणे मंदावते व ती सभोवतालापेक्षा हलकीच राहते. मग चढण थांबत नाही. राशिमेघांचे गर्जन्मेघ होतात आणि त्यांचे माथे १५ किमी. च्या आसपास पोहोचू शकतात. समुद्रावरून येणारे बाष्प अशा रीतीने इंधनाचे काम करते. सुलोचना गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये हिंदी महासागराच्या निरीक्षणांवरून असे दाखविले की, समुद्राचे पृष्ठतापमान सु. २८° से. च्या वर गेल्यावरच त्यावर असे खोल मेघसंनयन मोठ्या प्रमाणात आढळते. त्याखाली ते क्वचितच घडते. ही मर्यादा ओलांडणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते, कारण उबदार समुद्रावरही कित्येकदा मेघ तयार होत नाहीत.

संनयनी पावसाची मुंबईकरांना सर्वाधिक परिचित घटना २६ जुलै २००५ ची आहे. २७ जुलैच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला. त्याच अवधीत दक्षिणेस सु. २५ किमी. अंतरावरील कुलाबा येथे अवघा सु. ७३ मिमी. पाऊस झाला. पावसाच्या पाण्यातून किती ऊर्जा हाताळली गेली हे साध्या गणिताने काढता येते. ९४४ मिमी. पाऊस म्हणजे दर चौ. मी. वर ९४४ किग्रॅ. पाणी. एक किग्रॅ. बाष्पाच्या संद्रवणात सु. २५ लक्ष जूल उष्णता मुक्त होते. म्हणजे सांताक्रूझच्या प्रत्येक चौ. मी. मागे वरच्या हवेला सु. २३६ कोटी जूल, घरगुती विजेच्या मापात सांगायचे तर सु. ६५० युनिटे, एवढी उष्णता मिळाली. ही ऊर्जा त्या दिवशीच्या उन्हाची नव्हती; अरबी समुद्रावर विस्तृत क्षेत्रातून गोळा झालेले बाष्प मॉन्सून प्रवाहाने एका अरुंद पट्ट्यावर आणून ओतले होते. कुलाबा व सांताक्रूझ यांच्या नोंदींतील तफावत संनयनाच्या स्वभावातूनच येते. चढणारे प्रवाह काही किमी. रुंदीच्या स्तंभांत एकवटतात आणि शेजारच्या भागात हवा खाली उतरत असते. कोणता स्तंभ नेमका कोठे उभा राहील हे आदल्या दिवशी सांगणे आजही अवघड आहे. जोगेश्वरीच्या वेरावली येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या डॉप्लर रडारसारख्या साधनांनी तो उभा राहत असताना पाहता येतो व काही तासांची पूर्वसूचना देता येते. दहिसरसारख्या ठिकाणी या तासांना मोल आहे. तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी सु. १२ किमी. चा प्रवास करून मनोरी खाडीस मिळते. टेकड्यांवर कोसळलेले पाणी थोड्याच वेळात वस्तीत उतरते व त्याच वेळी भरती असेल तर ते खाडीच्या तोंडाशी अडते.

जागतिक प्रमाणावर विषुववृत्तालगत चढणारी व सु. ३०° अक्षवृत्तांजवळ उतरणारी हवा मिळून जे चक्र होते, त्याची कल्पना जॉर्ज हॅड्ली यांनी १७३५ मध्ये मांडली. मॉन्सून म्हणजे एक प्रचंड खारा वारा, ही एडमंड हॅली यांची १६८६ मधील कल्पना पाठ्यपुस्तकांत अजून टिकून आहे. परंतु जमीन सर्वांत जास्त तापते ती पाऊस सुरू होण्यापूर्वी, आणि पावसाच्या ऐन दिवसांत ती बरीच निवलेली असते. जमीन-समुद्रातील तापमानाचा फरक हेच मुख्य कारण असते, तर पाऊस ओसरायला हवा होता. म्हणून मॉन्सून हे विषुववृत्तीय मेघपट्ट्याचे ऋतुमानानुसार होणारे उत्तरेकडील स्थलांतर मानणे अधिक सयुक्तिक आहे. [⟶ मॉन्सून वारे].

समुद्रातील संनयन : समुद्राची स्थिती वातावरणाच्या नेमकी उलट आहे. त्यास उष्णता वरून मिळते. उबदार, हलके पाणी वर तरंगत राहते व खालचे थंड पाणी त्याखाली जणू मोहोरबंद होते. परीक्षानळीतील बर्फासारखीच ही अवस्था होय. उष्ण कटिबंधातील समुद्रात पृष्ठभागी २८° से. तापमान असताना एक किमी. खोलीवर ते १०° से. च्याही खाली असते. समुद्रात संनयन घडते ते पृष्ठभाग थंड झाल्यावर किंवा बाष्पीभवनाने तेथील पाणी अधिक खारट, म्हणून जड झाल्यावर.

याचे उत्तम उदाहरण उत्तर अरबी समुद्र हे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भूखंडाकडून येणारे थंड, कोरडे ईशान्य वारे त्यावरून वाहतात, बाष्पीभवन वाढते, पाणी निवते व त्याची लवणता वाढते. जड झालेले पाणी खाली बसते आणि वरचा मिसळलेला थर सु. १०० मी. किंवा त्याहूनही खोल होतो. खालच्या थरांतील नायट्रेटादी पोषक द्रव्ये त्यामुळे उजेडात येतात व वनस्पती-प्लवकांची वाढ होते. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात ‘सागर कन्या’ या संशोधन नौकेवरून केलेल्या मापनांतून ही यंत्रणा स्पष्ट झाली. तिचे विवरण १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत अरबी समुद्राच्या सुपीकतेचे श्रेय मुख्यतः उन्हाळी मॉन्सूनमधील खोल पाण्याच्या उसळीस दिले जात असे. कोकण व गुजरातच्या किनाऱ्याबाहेरील समुद्राचा हिवाळी बहर मात्र निवलेल्या पाण्याच्या बुडण्यावर अवलंबून आहे.

यातून एक गंभीर प्रश्न उद्भवतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या अभ्यासानुसार १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचे उन्हाळ्यातील पृष्ठतापमान सु. १·२° से. ने वाढले. वरचा थर जितका उबदार, तितके झाकण घट्ट व पोषक द्रव्ये वर येणे अवघड. याच संस्थेच्या २०१६ मधील अभ्यासात त्या भागातील वनस्पती-प्लवकांत सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचा अंदाज वर्तविला आहे. प्लवक ही समुद्रातील अन्नसाखळीची पहिली कडी असल्याने ही घट वरच्या कड्यांपर्यंत, शेवटी माशांपर्यंत, पोहोचण्याची शक्यता असते. मासेमारीवर मात्र यांत्रिक नौकांच्या अतिरेकाचाही भार पडला आहे. दोन्हींचे परिणाम वेगळे करून सांगणे सोपे नाही.

ध्रुवीय प्रदेशांलगत, विशेषतः उत्तर अटलांटिक महासागरात व अंटार्क्टिकाभोवती, अतिथंड व खारे पाणी थेट खोल तळाकडे जाते आणि शतकानुशतके संथ गतीने सर्व महासागरांत पसरते. या जगद्‌व्यापी चक्रासही संनयन म्हणण्याची प्रथा आहे. ती पूर्णपणे बिनचूक नाही. बुडालेले पाणी पुन्हा वर येण्यासाठी त्यात वरची उष्णता मिसळावी लागते व ते मिसळण्याचे काम वारा व भरती-ओहोटी करतात. तापविण्याचे व थंड करण्याचे ठिकाण एकाच पातळीवर असेल, तर केवळ त्यावर जोरदार चक्र चालू शकत नाही, असे स्वीडिश शास्त्रज्ञ सँडस्ट्रम यांनी १९०८ मध्येच दाखविले होते.

भूगर्भातील संनयन : पृथ्वीचे कवच व गाभा यांमधील प्रावरणाची जाडी सु. २,९०० किमी. आहे. भूकंपाच्या आडव्या तरंगांचे प्रसारण द्रवांतून होत नाही, पण ते प्रावरणातून होते. म्हणून प्रावरण घन आहे. तरीही ते वाहते. या विधानातील विसंगती वरवरची आहे. डांबराचा गोळा हातोड्याने ठिकऱ्या होऊन फुटतो, पण तोच नुसता ठेवून दिल्यास महिनोन्‌महिने पसरत जातो. प्रावरणाची श्यानता पाण्याच्या सु. १०२४ पट (एकावर चोवीस शून्ये) आहे. एवढ्या दाट पदार्थात संनयन अशक्य वाटते, परंतु जाडीच्या घनाचा परिणाम इतका प्रचंड असतो की त्याचा रॅली अंक आवश्यक मर्यादेच्या हजारो पट भरतो. उष्णता तळाकडील गाभ्यातून व किरणोत्सर्गी मूलद्रव्यांपासून येते, थंड होण्याची क्रिया वर चालते. वातावरणाप्रमाणेच येथेही अनुकूल बाजू खालचीच आहे. प्रवाहांचा वेग मात्र वर्षाला काही सेंमी., म्हणजे नखे वाढण्याच्या वेगाइतका असतो.

हे संनयन दुर्लक्षिल्यामुळे विज्ञानाच्या इतिहासात एक मोठा वाद झाला. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६२ मध्ये पृथ्वी संवहनाने निवत आली असे गृहीत धरून तिचे वय २ ते ४० कोटी वर्षे असावे, असा निष्कर्ष काढला. भूवैज्ञानिकांना ते फार अपुरे वाटले. किरणोत्सर्गाच्या शोधामुळे केल्व्हिन यांचे गणित कोसळले असे सामान्यतः सांगितले जाते. वास्तविक त्यांचे एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्येच खरे मर्म दाखवून दिले होते : पृथ्वीच्या अंतर्भागात पदार्थ हलत असेल, तर खोलवरची उष्णता पृष्ठभागास सतत मिळत राहते व वय कित्येक पटींनी वाढते. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आर्थर होम्स यांनी १९२८ मध्ये भूखंडांच्या विचलनास प्रावरणातील संनयन प्रवाह कारणीभूत असावेत, अशी कल्पना मांडली. तीही स्वीकारली जाण्यास सु. चार दशके जावी लागली. भूपट्टांना खालचे प्रवाह वाहत्या पट्ट्यासारखे ओढत नेतात, हे जुने चित्र आता मागे पडले आहे. थंड झालेला जड भूपट्ट स्वतःच प्रावरणात बुडतो व मागील भागास ओढतो. भूपट्ट हा संनयन चक्राचा वरचा, निवलेला भागच होय. [⟶ भूपट्ट सांरचनिकी].

दहिसरच्या पूर्वेकडील टेकड्या याच क्रियेच्या साक्षीदार आहेत. त्या दक्षिण ट्रॅपच्या, म्हणजे सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या राशींच्या, पश्चिम सीमेवर आहेत. कान्हेरीची लेणी अशाच ज्वालामुखीजन्य खडकांत कोरलेली आहेत. आज सु. ५ लक्ष चौ. किमी. क्षेत्र व्यापणारा हा लाव्हा प्रावरणात खोलवरून वर आलेल्या उष्ण स्तंभामुळे निर्माण झाला, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला व तो स्तंभ मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव, चॅगोस व मॉरिशस अशी बेटांची व समुद्रबुड रांगांची माळ त्याचा माग दाखवते आणि रीयुन्यन बेटावरील जागृत ज्वालामुखी आज त्याच्या माथ्यावर आहे. काही भूवैज्ञानिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते भूखंड ताणले जाऊन फाटल्यानेच लाव्हा वर आला. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील मनोरी-गोराई भागातील ट्रॅकाइट खडक मुख्य उद्रेकानंतर काही दशलक्ष वर्षांनी, भूखंड फाटत असतानाच्या काळात तयार झाले. त्यामुळे या वादात त्यांच्या पुराव्यास महत्त्व आहे.

अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीचे सु. ६० मी. उंचीचे बेसाल्टी स्तंभ पाहताना बेनार यांच्या षट्कोनी घरांची आठवण होते आणि असे स्तंभ म्हणजे लाव्हातील संनयनाची गोठलेली घरे असावीत, असेही एकेकाळी सुचविले गेले होते. ते खरे नाही. लाव्हा घट्ट झाल्यावर आकुंचनामुळे त्यास तडे गेले व चिखल वाळताना पडाव्यात तशा बहुकोनी भेगा आत उतरत गेल्या.

उन्हाळी : खडकांतील भेगांतून फिरणारे पाणी हा भूगर्भीय संनयनाचा लहान, पण हाताला जाणवणारा प्रकार आहे. कोकणात उत्तरेस पालघर जिल्ह्यापासून दक्षिणेस राजापूरपर्यंत उन्हाळ्यांची (उष्णोदकाच्या झऱ्यांची) रांग आहे. त्यांच्या पाण्याचे तापमान बहुधा ४०° ते ७०° से. असते. दहिसरच्या ईशान्येस सु. ३० किमी. वर तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडे प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात आज एकही जागृत ज्वालामुखी नाही व या झऱ्यांसाठी तशा उष्णतेची गरजही नाही. पाण्याच्या समस्थानिकांवरून ते मूळचे पावसाचेच आहे, असे दिसून येते. ते उंच भागांतील भेगांतून खोल उतरते, भूगर्भात खोलीबरोबर वाढत जाणाऱ्या तापमानाने तापते, हलके होते आणि उभ्या विभंगांच्या वाटेने वर येते. उंचावरील थंड पाण्याचा दाबही त्यास वर ढकलतो, म्हणून हे संनयन पूर्णपणे स्वयंचलित म्हणता येत नाही. पाणी किती उष्ण बाहेर पडेल हे ते वर किती वेगाने येते यावर अवलंबून असते. रुंद भेगेतून झपाट्याने आलेले पाणी खोलीची उष्णता टिकवून ठेवते. अरुंद वाटेने झिरपणारे पाणी ती भोवतालच्या खडकास देऊन टाकते व वरच्या थंड भूजलात मिसळते. एकाच नदीकाठच्या शेजारशेजारच्या कुंडांतील पाणी कमीअधिक गरम का लागते, याचे कारण हे आहे.